विश्लेषण : ग्रिल बदलली की गाडी बदलते? वालचंद हिराचंद यांच्या मोटार कारखान्याची गोष्ट

अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावात कुणी जुनी गाडी विकत घेतली की पुढची चर्चा ठरलेली असते. सीट कव्हर कोणतं, म्युझिक सिस्टिम कोणती आणि पुढची ग्रिल बदलायची का? ग्रिल बदलली की गाडीचा तोंडवळाच बदलतो. साध्या मॉडेलची गाडी टॉप मॉडेलसारखी दिसू लागते. मोबाइलवर दीड-दोन हजारांपासून पुढे कितीतरी डिझाइन दिसतात आणि ऑर्डर एका क्लिकवर जाते.

पण ग्रिल बदलल्याने गाडी खरंच बदलते का? हा प्रश्न महाराष्ट्रात ७० वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, तोही एका मोठ्या कारखान्यात. मुंबईतल्या कुर्ल्याचा हा कारखाना सोलापूरच्या एका उद्योजकाने उभारला होता. त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी. त्यांचं आयुष्य समजून घेतलं, तर ग्रिल निवडताना नेमकं काय पाहायचं हेही समजतं.

कोण होते वालचंद हिराचंद?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं गुजराती, दिगंबर जैन. घरचा व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. जन्मानंतर थोड्याच काळात त्यांची आई वारली. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुणे इथे झालं. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजत राहणं त्यांना सहज शक्य होतं, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही.

रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी ठेकेदारी सुरू केली. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती आणि वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करण्याची ताकद होती. सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं बार्शी लाइट रेल्वेच्या एका टप्प्याचं.

अडीच फूट रुंदीची ही छोटी रेल्वे पुढे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद या नावाने निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. या भागातला माल बाहेरच्या बाजारपेठेला जोडणारी जवळची रेल्वे म्हणजे हीच. मराठवाड्याच्या वाहतुकीशी वालचंद यांचा संबंध असा सुरुवातीपासूनचा आहे.

रस्ता, रेल्वे, जहाज, विमान

पुढच्या काळात त्यांनी मोठमोठी कामं घेतली. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर भोर घाटातले बोगदे आणि मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीचं काम ही त्यातली ठळक उदाहरणं. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

त्याआधी १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली होती. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेलं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांचं वर्चस्व होतं आणि त्यांनी दर पाडून स्पर्धा केली. सिंदियाला बराच काळ किनारपट्टीच्या वाहतुकीवरच समाधान मानावं लागलं. परदेशी मालाला टक्कर द्यायची तर नुसतं भांडवल पुरत नाही, सरकारही आपल्या बाजूने लागतं, हा धडा त्यांना इथे मिळाला.

डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी त्यांनी सुरू केली. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आजची एचएएल ती हीच. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तिथे तयार झालेल्या ‘जलउषा’ जहाजाचं जलावतरण मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पुढे हा कारखानाही सरकारकडे गेला.

मोटार कारखान्याला इतका उशीर का झाला?

भारतात तेव्हा मोटारी येत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सचा मुंबईतला कारखाना १९२८ पासून सुरू होता. पण तिथे मोटार बनत नव्हती, जुळत होती. सुटे भाग परदेशातून पेट्यांमध्ये यायचे आणि कामगार ते इथे जोडायचे. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, पुढची जाळी, सगळंच बाहेरचं.

मोटार इथेच बनली पाहिजे, असा आग्रह अभियंते एम. विश्वेश्वरय्या यांनी तीसच्या दशकात धरला आणि त्याची योजनाही आखली. वालचंद यांनी ती उचलून धरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी यशस्वी झाली नाहीत, पण क्रायस्लरशी जमलं आणि १९४० मध्ये करार झाला.

अडचण दुसरीकडेच होती. मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ या योजनेला अनुकूल होतं, पण १९३९ च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं होतं. मोटार कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही, अशी भूमिका घेऊन ब्रिटिश सरकारने मदत नाकारली. लष्कराला हजारो गाड्या लागत होत्या आणि त्या बाहेरून येत होत्या, तरीही.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला १९४७ साल उजाडलं. करारानंतर सात वर्षं गेली होती.

एक गाडी, अनेक चेहरे

इथे गोष्ट ग्रिलपाशी येते. क्रायस्लरच्या छत्राखाली डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो अशी नावं होती. प्रीमियरमध्ये या नावांच्या गाड्या जुळवल्या जायच्या. गंमत अशी, की क्रायस्लर परदेशी बाजारांसाठी प्लिमथचाच सांगाडा घेऊन त्याला वेगळी पुढची जाळी आणि वेगळं बोधचिन्ह लावायची. एका रूपात ती ‘डॉज किंग्जवे’ व्हायची, दुसऱ्या रूपात ‘डिसोटो डिप्लोमॅट’. ट्रकचंही तसंच. डॉज आणि फार्गो हे मुळात एकच ट्रक, फक्त नावाची पाटी वेगळी.

वाहन उद्योगात आजही हे सर्रास चालतं. दोन कंपन्या एकच गाडी विकतात, फरक ग्रिल आणि लोगोचा असतो. ग्राहकाला पर्याय दोन वाटतात, पण बॉनेट उघडलं की आत तेच इंजिन दिसतं.

वालचंद यांच्यापुढचा खरा प्रश्न हाच होता. चेहरे कितीही बदलले तरी इंजिन डेट्रॉइटहूनच येणार असेल, तर कारखाना कुर्ल्यात आहे याला अर्थ किती? सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथे बनवणं हा त्याचा उपाय होता. पण त्यासाठी यंत्रं, कुशल कामगार आणि सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने लागतात. शिवाय गाड्यांचा खप पुरेसा नसेल, तर इथे बनवलेला भाग आयात केलेल्या भागापेक्षा महाग पडतो. हे गणित एका माणसाच्या हिमतीवर सुटणारं नव्हतं.

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. शेवटच्या काळात पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सोबत होत्या. विमान कारखाना तोवर हातातून गेला होता, जहाज कारखानाही सरकारकडे गेला होता आणि मोटार अजून पूर्णपणे भारतीय झालेली नव्हती.

त्यांच्यानंतर काय झालं?

त्याच वर्षी, १९५३ मध्ये, टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनाच यापुढे परवानगी असावी. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काम गुंडाळलं. प्रीमियर टिकली. वालचंद ज्यासाठी झगडले ते धोरण आलं, पण ते पाहायला ते नव्हते.

कंपनीची धुरा त्यांचे बंधू लालचंद यांच्याकडे गेली. इटलीच्या फियाटशी करार झाला होता. १९५४ मध्ये फियाट ११०० आली, १९६४ मध्ये ११०० डी. एकेक करून सुटे भाग इथे बनू लागले. सत्तरच्या दशकात फियाटशी असलेला करार संपला. १९७४ मध्ये गाडीचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. मूळ रचना फियाटचीच होती, पण आता ती गाडी इथे बनत होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरात माहीत झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

दोन्ही वेळा गाडीवरचं नाव बदललं होतं. पहिल्या वेळी आत सगळं परदेशी होतं आणि फक्त चेहरा वेगळा होता. दुसऱ्या वेळी आधी आतलं काम झालं आणि मग नाव बदललं. फरक इतकाच आणि तोच महत्त्वाचा.

आज ग्रिल निवडताना याचा उपयोग काय?

क्रम तोच ठेवायचा. आधी ग्रिलच्या मागे काय आहे ते बघायचं, मग चेहरा निवडायचा.

*हवा :* ग्रिलच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतो. अनेक टर्बो डिझेल गाड्यांत इंटरकूलरही असतो. या सगळ्यांना वारा लागतो. बाजारातल्या काही ग्रिलमध्ये जाळीचा नुसता आकार असतो, छिद्रं बंद असतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि बालाघाटाच्या चढावर गाडी कमी गिअरमध्ये चालते. अशा वेळी बंद जाळी महागात पडू शकते. मूळ ग्रिलमध्ये जितकी जागा मोकळी आहे, किमान तितकी नव्या ग्रिलमध्ये हवी.

*माप :* एकाच गाडीच्या फेसलिफ्टनंतर बंपर आणि क्लिपांच्या जागा बदलतात. त्यामुळे नुसतं गाडीचं नाव पुरत नाही. मॉडेल, उत्पादनाचं वर्ष आणि व्हेरिएंट जुळवूनच ग्रिल घ्या.

*सेन्सर :* नव्या गाड्यांत लोगोच्या मागे रडार किंवा ग्रिलमध्ये कॅमेरा असू शकतो. धातूची जाळी किंवा जाड क्रोम रडारच्या आड आलं, तर यंत्रणा नीट काम करत नाही. अशा गाडीला बाहेरची ग्रिल टाळलेलीच बरी.

*बसवणं :* बऱ्याच गाड्यांत बंपर सैल केल्याशिवाय ग्रिल निघत नाही. घाईत ओढली तर क्लिपा तुटतात. रेडिएटरसमोर ड्रिल चालवू देऊ नका, एक छिद्र पडलं की हजारोंचा खर्च. बॉनेटचं लॉक, हॉर्न आणि फॉग लाइटच्या वायरी दबलेल्या नाहीत ना, हे बसवल्यावर तपासा. मग एसी सुरू ठेवून गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. काटा नेहमीपेक्षा वर गेला तर ग्रिल परत करा.

*कायदा :* मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. मूळ मापाची ग्रिल हा किरकोळ बदल मानला जातो. पण ग्रिलसोबत लोखंडी क्रॅश गार्ड गळ्यात मारला जात असेल, तर नाही म्हणा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या आहेत. धडकेचा धक्का शोषून घेण्याची गाडीची रचना गार्डमुळे बिघडते आणि एअरबॅगवरही परिणाम होऊ शकतो.

आणि शेवटचं, जुनी ग्रिल भंगारात देऊ नका. कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना मूळ ग्रिल लागते आणि विकत घेणारा जाणकार असेल, तर तोही आधी बॉनेटच उघडायला सांगतो.