रंगो बापूजींच्या लंडनचे पाणी

साताऱ्यात चार भिंतींकडे फिरायला जाणाऱ्यांना रंगो बापूजी गुप्ते हे नाव नवीन नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये गादीवरून काढले आणि काशीला नेऊन ठेवले. त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. त्यांचे अर्ज, कैफियती, लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीतले हेलपाटे यांवर बरेच लिहिले गेले आहे. प्रबोधनकार ठाकरे यांचा तर या विषयावर मोठा ग्रंथच आहे. मला डॉक्टर म्हणून पडणारा प्रश्न वेगळा आहे. सह्याद्रीच्या हवेत वाढलेला हा माणूस तेरा वर्षे त्या शहरात जगला कसा? कारण तेव्हाचे लंडन जगातले सर्वांत श्रीमंत शहर असेल, पण प्रकृतीला ते फार वाईट होते.

पाण्यापासून सुरुवात करू. १८४१ मध्ये लंडनची वस्ती एकोणीस लाखांच्या वर होती, दहा वर्षांत ती तेवीस लाखांच्या पुढे गेली. पूर्वी घराखालच्या खड्ड्यात मैला साठे, रात्री माणसे येऊन तो उपसत आणि शेतावर नेत. मग पाणी ओढायचे संडास आले. घर स्वच्छ झाले, पण खड्डे भरून वाहू लागले. पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या गटारांत हा मैला सोडला गेला आणि गटारे थेट टेम्स नदीत. गंमत पुढेच आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या खाजगी कंपन्यांपैकी अनेक कंपन्या त्याच टेम्सचे पाणी उचलत आणि नळाने घरोघर देत. तेही दिवसभर नव्हे. ठरावीक वेळी पाणी येई आणि लोक टाकीत भरून ठेवत.

रंगो बापूजी ज्या गावातून गेले होते, तिथे यवतेश्वर आणि महादऱ्याच्या डोंगरातले पाणी नळाने गावात आणलेले होते, आणि त्या व्यवस्थेत खुद्द प्रतापसिंह महाराजांनी लक्ष घातले होते. मागासलेल्या मुलखातला माणूस सुधारलेल्या शहरात गेला, असे आपण सहज म्हणून जातो. निदान पिण्याच्या पाण्यापुरते ते उलटे होते.

१८४८-४९ मध्ये लंडनमध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, आली आणि चौदा हजारांहून अधिक माणसे गेली. दख्खनला ही साथ १८१८ पासून माहीत होती, त्यामुळे रंगो बापूजींना ती अनोळखी नव्हती. तिथल्या बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी की रोग दुर्गंधीतून, दूषित हवेतून पसरतो. म्हणून वास घालवण्यासाठी गटारे धुऊन काढण्यात आली आणि सगळी घाण नदीत गेली. म्हणजे रोग हटवण्याच्या प्रयत्नात तो पिण्याच्या पाण्यात सोडला गेला. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने १८४९ मध्ये एक छोटे पुस्तक काढून रोग पाण्यातून पसरतो असे मांडले. फार कोणी ऐकले नाही. ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाचा दांडा काढण्याची त्याची प्रसिद्ध गोष्ट १८५४ ची, म्हणजे रंगो बापूजी निघून गेल्यानंतरची.

पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स इतकी नासली की नदीकाठच्या पार्लमेंटच्या खिडक्यांना क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवलेले पडदे लावावे लागले. हे रसायन म्हणजे आपल्या ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, टीसीएल.  खासदारांच्या नाकाला वास आल्यावर मात्र नव्या गटारांचा पैसा लगेच मंजूर झाला. वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली असा एकाच कृष्णेवर जगणाऱ्या आपल्या भागाने हे लक्षपूर्वक वाचावे. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या जॅकवेलकडे जाते. सांगलीकरांना तर शेरीनाल्याबद्दल मी वेगळे सांगायला नको.

पाण्याइतकाच वाईट होता उजेड. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, साताऱ्यात तो अकरा तासांचा. त्यावर घरोघरच्या दगडी कोळशाचा धूर आणि धुके. भरीला खिडक्यांवर कर होता. मोठ्या घरांत खिडक्या जितक्या जास्त तितका कर अधिक, म्हणून मालक त्या विटांनी बुजवून टाकत. हा कर १८५१ मध्ये उठला. त्या शहरातल्या मुलांमध्ये मुडदूस फार होता. ऊन आणि ड जीवनसत्त्व यांचा संबंध कळायला विसावे शतक उजाडले. आपल्या सावळ्या कातडीला तेवढेच ड जीवनसत्त्व तयार करायला गोऱ्यांपेक्षा जास्त ऊन लागते, आणि लंडनच्या हिवाळ्यात ते जवळजवळ तयारच होत नाही. मुलगा-सून तिकडे असलेले आईवडील माझ्या ओपीडीत येतात, तेव्हा फोनवर ऐकलेली तक्रार सांगतात: अंग दुखते, उत्साह नाही. आज त्याला तपासणी आहे, गोळी आहे. रंगो बापूजींनी असे तेरा हिवाळे काढले.

खाण्याचेही तसेच. १८५१ पासून आर्थर हॅसल या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या बाजारातले पदार्थ तपासले आणि निष्कर्ष दुकानदारांच्या नावानिशी ‘लॅन्सेट’मध्ये छापले. पावात तुरटी, दुधात पाणी, कॉफीत चिकोरी आणि तिखटात, करी पावडरीत शेंदूर! शेंदूर म्हणजे शिसे. घरच्या चवीच्या ओढीने कोणी भारतीय माणूस तिथे ती पूड घेत असेल, तर तो शिसे खात होता.

आणि मन? सोबत काम करणारे सहकारी परतले, पैसे संपत आले, कर्ज वाढले. पत्र जायला दीड-दोन महिने आणि उत्तर यायला तितकेच. १४ ऑक्टोबर १८४७ ला महाराज काशीला वारले. ती बातमी समुद्र ओलांडून येईपर्यंत त्यांचा वकील लंडनमध्ये जिवंत धन्याची बाजू मांडत होता. पुढच्या एप्रिलमध्ये गादीवरचे आप्पासाहेबही गेले आणि डलहौसीने वारस नाकारून सातारा खालसा केला. आता भांडायचे ते नसलेल्या राज्यासाठी. परमुलखातला एकटेपणा, कर्ज, लागोपाठची दुःखे, सततचे अपयश: यांतली दोनच एका रुग्णात दिसली तरी आम्ही झोप कशी लागते, जेवण जाते का, असे विचारायला लागतो. हा गृहस्थ आणखी पाच वर्षे अर्ज लिहीत राहिला. याला नुसती जिद्द म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. रोज सकाळी उठून करायचे एक ठरलेले काम होते, त्यानेच बहुधा त्यांना सावरले असावे.

१८५३ च्या शरदात लंडनमध्ये पुन्हा पटकी सुरू झाली. त्या साथीत पुढच्या वर्षअखेरीपर्यंत दहा हजारांवर माणसे दगावली. ती भरात येण्यापूर्वीच रंगो बापूजींनी लंडन सोडले होते. साताऱ्यात त्यांचे स्वागत करायला ना दरबार होता ना राजा. १८५७ मध्ये उठावाची जुळवाजुळव करताना फितुरी झाली. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मारले, कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी त्याआधीच निसटले होते. सरकारने शोध घेतला, बक्षीस लावले, पण ते कधीच हाती लागले नाहीत.