कोंबड्यांच्या खुराड्यातला स्टुडिओ

१८६३ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावर राहणाऱ्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना लेकीने आणि जावयाने एक कॅमेरा भेट दिला. बाईंचे वय तेव्हा ४८. वीस वर्षांनी मोठे असलेले यजमान सिलोनमधले आपले कॉफीचे मळे बघायला गेले होते, लेक सासरी होती आणि इतकी वर्षे गजबजलेले घर शांत झाले होते. आईचा जीव रमावा, एवढाच लेकीचा हेतू.

जीव रमवायला ते साधन मात्र भलतेच अवघड होते. लाकडी खोक्याचा तो कॅमेरा हातात धरून फोटो काढण्याजोगा नव्हता. काचेच्या तुकड्यावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सगळीकडे सारखे ओतायचे, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, समोरच्या माणसाला काही मिनिटे हलू द्यायचे नाही आणि काच वाळायच्या आत पुन्हा अंधाऱ्या खोलीत धावायचे. मग डेव्हलप करणे, धुणे, वॉर्निश लावणे. यातले बाईंना काहीही येत नव्हते. त्यांनी कोळसा ठेवण्याची खोली रिकामी करून तिची डार्करूम केली, कोंबड्या दुसरीकडे हलवून काचा बसवलेल्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि शिकायला सुरुवात केली. महिन्याभरातच, जानेवारी १८६४ मध्ये, ॲनी फिलपॉट या लहान मुलीचा मनासारखा फोटो त्यांना मिळाला. आनंदाच्या भरात त्या घरभर फिरून त्या मुलीला द्यायला भेटवस्तू शोधत होत्या.

बाईंचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी. यजमान चार्ल्स हे मेकॉलेबरोबर विधी आयोगावर काम केलेले कायदेपंडित. पण फोटोग्राफीच्या दृष्टीने महत्त्वाची ओळख झाली ती दक्षिण आफ्रिकेत. १८३६ मध्ये आजारातून उठल्यावर हवापालटासाठी त्या केप ऑफ गुड होपला गेल्या होत्या. तिथे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल दक्षिणेकडच्या आकाशाची पाहणी करत होते. फोटो पक्का करण्यासाठी पुढे सगळीकडे वापरला गेलेला ‘हायपो’ चांदीचे क्षार विरघळवतो, हे १८१९ मध्ये हर्शेल यांनीच दाखवले होते. नंतर फोटोकलेतल्या नव्या शोधांची माहिती ते बाईंना पत्रांतून कळवत राहिले.

याच मैत्रीचा एक वेगळा उपयोग झाला. सिल्व्हर नायट्रेटने बाईंची बोटे काळी पडत, टेबलावरची कापडे खराब होत. ते एक वेळ चालण्यासारखे. पण त्या काळी फोटो पक्का करायला पोटॅशियम सायनाइडही सर्रास वापरत. जरासे पोटात गेले किंवा कातडीवरच्या जखमेतून आत शिरले तरी जीव जावा असे हे विष. बाई ते हातांवरून वाहू देतात हे कळल्यावर हर्शेल हादरले आणि काळजी घेण्याची त्यांनी कळकळीने विनवणी केली. आज मोबाइलवर किंवा डिजिटल कॅमेऱ्यावर हा छंद करणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. हौसेने जुनी डार्करूम थाटणाऱ्यांनी मात्र हातमोजे घालावेत आणि खोलीत हवा खेळती ठेवावी.

बाईंचे फोटो धूसर असत. त्यांची भिंगे मोठी होती, चेहरा जवळून घेतल्यामुळे डोळे स्पष्ट आले तर कान पुसट होत, आणि इतका वेळ माणूस थोडा तरी हलणारच. शिवाय कलोडियनला मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच ‘दिसतो’, तर आपला डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशावर भर देतो. त्यामुळे डोळ्याला स्पष्ट वाटलेले काचेवर तसे उमटेलच असे नाही. पण खरे कारण त्यांची आवड होती. भिंग फिरवताना चेहरा सुंदर वाटला की त्या तिथेच थांबत. फोटोग्राफर मंडळींनी धूसरपणावरून, ओरखड्यांवरून आणि बोटांच्या ठशांवरून त्यांची टर उडवली. बाई काही बधल्या नाहीत, आणि माझ्या मते ते फारच बरे झाले. १८६७ मध्ये कॅमेरा घेऊन त्या हर्शेल यांच्या घरी गेल्या, म्हाताऱ्याचे पांढरे केस धुऊन पिंजारायला लावले आणि जो फोटो काढला, तो आजही विज्ञानाच्या पुस्तकांत भेटतो. पुढच्या वर्षी बेटावर सुट्टीला आलेल्या डार्विन यांचा त्यांनी काढलेला फोटो स्वतः डार्विनना इतर सगळ्यांपेक्षा आवडला.

उतारवयात असे मुळापासून काही शिकण्याने काय होते, हे टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतील डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी तपासले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६० ते ९० वयाचे २२१ जण होते. काहींनी तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकले. काहींनी नुसत्या गप्पा, सहली केल्या. काहींनी घरी गाणी ऐकली, सोपी कोडी सोडवली. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली आढळली, फोटोग्राफीवाल्यांची विशेष. नुसत्या गप्पांचा तसा परिणाम दिसला नाही. यावरून कॅमेऱ्याला औषध समजू नये, पण सगळे काही ‘ऑटो’वर सोडणाऱ्याने थोडे हातानेही करून पाहायला हरकत नाही.

पैसा मात्र बाईंना या छंदातून मिळाला नाही. त्यांनी फोटोंचे कॉपीराइट नोंदवले, विक्रीला ठेवले, प्रदर्शने भरवली. तरी खर्च मोठाच राहिला. तिकडे १८६९ पासून सिलोनच्या कॉफीला तांबेरा लागला. १८७५ मध्ये दोघांनी बेट सोडले आणि ते सिलोनला राहायला गेले. सामानात दोन शवपेट्याही होत्या, असे सांगतात. उष्ण, दमट हवेत ओल्या काचांचे काम जिकिरीचे. तरीही बाईंनी मळ्यातल्या मजुरांचे फोटो काढले, १८७७ मध्ये आलेल्या चित्रकार मेरिअन नॉर्थ यांनाही कॅमेऱ्यापुढे बसवले. तिथले तीसहून कमीच फोटो आज उरले आहेत. जानेवारी १८७९ मध्ये, ६३ व्या वर्षी, त्या सिलोनमध्येच वारल्या.