इंग्लंडला वर्ल्डकप जिंकून देणाऱ्या कॅप्टनवर चौथ्या डिव्हिजनमध्ये टीम वाचवायची वेळ आली होती

इंग्लंडच्या पुरुष फुटबॉल टीमने वर्ल्डकप एकदाच जिंकलाय, १९६६ साली. सहकाऱ्यांच्या खांद्यावर बसून कप उंचावणाऱ्या २५ वर्षांच्या पोराचा फोटो बघितला नसेल असा फुटबॉलवेडा सापडणं अवघड. तो पोरगा म्हणजे बॉबी मूर.

पण त्यानंतर वीस वर्षांच्या आत हाच माणूस इंग्लिश लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये एका छोट्या क्लबचा मॅनेजर म्हणून झगडत होता.

हे नेमकं झालं कसं, ते समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून बघावं लागतं.

बॉबी मूरचा जन्म १२ एप्रिल १९४१ चा, लंडनला लागून असलेल्या बार्किंगचा. पूर्व लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेडने त्याला शाळकरी वयातच हेरलं. १९५८ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, तो मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पहिली मॅच खेळला.

आता गंमत बघा. डिफेंडरकडे जे असायला हवं असं लोक म्हणतात, त्यातलं बरंचसं मूरकडे नव्हतं. तो वेगवान नव्हता आणि हेडिंगमध्येही भारी नव्हता. पण समोरचा खेळाडू बॉल कुठं देणार, हे त्याला आधीच कळायचं. त्यामुळे त्याला पळावंच लागायचं नाही, बॉल येईल तिथं तो आधीच उभा असायचा. बॉल हिसकावून घेतला की तो आंधळेपणानं पुढं फटकावायचा नाही, तर शांतपणे आपल्या माणसाला पास द्यायचा.

१९६२ मध्ये तो इंग्लंडकडून खेळायला लागला आणि १९६३ मध्ये, २२ व्या वर्षी, पहिल्यांदा कॅप्टन झाला. इतक्या कमी वयात इंग्लंडचा कॅप्टन तोवर कुणीच झालं नव्हतं.

पुढची तीन वर्षं सोन्याची होती. १९६४ मध्ये एफए कप, १९६५ मध्ये युरोपातला कप विनर्स कप आणि १९६६ मध्ये वर्ल्डकप. तिन्ही फायनल वेम्बली स्टेडियमवर, आणि तिन्ही वेळा कप घ्यायला पुढं गेला तो मूरच.

पण या तीन वर्षांत एक गोष्ट जगापासून लपवली गेली होती. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला वृषणाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. ऑपरेशन झालं, उपचार झाले आणि तो परत मैदानात उतरला. कॅन्सर हा शब्द चारचौघांत उच्चारायचा नाही, असा तो काळ होता. त्यामुळे वर्ल्डकप उंचावणारा कॅप्टन कॅन्सरमधून उठलाय, हे स्टेडियममधल्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

फायनल होती पश्चिम जर्मनीशी. इंग्लंड एका गोलने मागे पडलं, तेव्हा मूरने मिळालेली फ्री किक झटक्यात घेतली आणि जेफ हर्स्टने बरोबरीचा गोल केला. एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या मिनिटाला बॉल पुन्हा मूरकडे आला. टीममेट ओरडत होते की बॉल बाहेर मार, वेळ काढ. त्यानं मान वर करून बघितलं आणि लांब पास थेट हर्स्टकडे टाकला. चौथा गोल, ४-२ आणि वर्ल्डकप. राणीसमोर जाताना तिचे पांढरेशुभ्र हातमोजे दिसल्यावर त्यानं आपले मळलेले हात आधी पुसून घेतले, हा किस्साही तिथलाच.

१९७० च्या वर्ल्डकपआधी मात्र वेगळंच झेंगट मागं लागलं. कोलंबियाच्या बोगोटा शहरात एका हॉटेलमधल्या दागिन्यांच्या दुकानातून ब्रेसलेट चोरल्याचा आळ त्याच्यावर आला. चार दिवस नजरकैदेत काढावे लागले, पण पुरावा काही सापडला नाही. तिथून सुटून तो मेक्सिकोला गेला आणि ब्राझीलविरुद्ध अफलातून खेळला. जर्झिन्होकडून त्यानं ज्या पद्धतीने बॉल काढून घेतला, तो टॅकल आजही डिफेंडर लोकांना दाखवला जातो. मॅच ब्राझीलने १-० ने जिंकली, पण शेवटी पेलेनं जर्सी बदलली ती मूरबरोबर.

१९७३ मध्ये इंग्लंडसाठी शेवटची मॅच खेळला, तेव्हा त्याच्या नावावर १०८ मॅच होत्या. त्यातल्या ९० मध्ये तो कॅप्टन होता. १९७४ मध्ये तो फुलहॅमकडे गेला, पुढच्याच वर्षी एफए कपच्या फायनलला पोहोचला आणि तिथं समोर आली ती त्याचीच जुनी टीम, वेस्ट हॅम. फुलहॅम २-० ने हरलं.

त्या काळात फुटबॉलपटूंना आजच्यासारखे कोट्यवधी मिळत नव्हते. वर्ल्डकप जिंकल्याचा बोनस होता प्रत्येकी १००० पौंड. मूर भागीदारीत ज्या धंद्यांत पडला, त्यातले बरेच बुडाले. त्यामुळे काम शोधणं भाग होतं.

खेळायचं थांबल्यावर मोठ्या क्लबची दारं उघडतील, असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. १९७९ मध्ये त्याला मॅनेजरची नोकरी मिळाली ती ऑक्सफर्ड सिटीमध्ये. हा क्लब चार डिव्हिजनच्या मुख्य लीगमध्येही नव्हता. तिथं त्याचा असिस्टंट होता हॅरी रेडनॅप, जो पुढे स्वतः मोठा मॅनेजर झाला. त्यानंतर मूर हाँगकाँगमध्येही काम करून आला.

१९८४ च्या फेब्रुवारीत तो साऊथएंड युनायटेडचा मॅनेजर झाला. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गटांगळ्या खात होता, पैशांची चणचण होती. सीझन संपता संपता टीम चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरली.

पुढचा सीझन आणखी वाईट गेला. तेव्हा नियम असा होता की चौथ्या डिव्हिजनमधल्या तळाच्या चार क्लबना लीगमध्ये राहण्यासाठी इतर क्लबची मतं मागावी लागायची. साऊथएंड २४ टीममध्ये २० वा आला, म्हणजे फक्त एका जागेनं वाचला. १९८५-८६ मध्ये टीम सावरून नवव्या नंबरवर आली, पण एप्रिल १९८६ मध्ये मूरने पद सोडलं. पुढच्याच सीझनमध्ये साऊथएंड वरच्या डिव्हिजनमध्ये गेला. मूरच्या वाट्याला मॅनेजरची नोकरी परत आली नाही.

मूर मॅनेजर म्हणून का चालला नाही, याचं एक उत्तर त्याच्या खेळातच आहे. बॉल कुठं येणार हे ओळखण्याची त्याची नजर उपजत होती, ती फळ्यावर काढून शिकवता येत नव्हती. पण दुसरी बाजूही आहे. कमी पैसे आणि घसरलेली टीम हाताशी असताना भलेभले मॅनेजर अपयशी ठरतात. मूरला चांगली टीम देऊन कुणी बघितलंच नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननेही आपल्या वर्ल्डकप विजेत्या कॅप्टनला कुठली मोठी जबाबदारी दिली नाही.

मग त्यानं एका टॅब्लॉइड पेपरमध्ये आणि नंतर लंडनच्या रेडिओवर काम केलं. १९९१ मध्ये त्याला आतड्याचा कॅन्सर झाला. १४ फेब्रुवारी १९९३ ला त्यानं आजार जाहीर केला. तीन दिवसांनी वेम्बलीवर इंग्लंड-सॅन मरिनो मॅच होती आणि मूर माईकसमोर बसून कॉमेंट्री करत होता. २४ फेब्रुवारीला तो गेला, वय होतं ५१.

त्यानंतर मात्र सगळ्यांना त्याची आठवण झाली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्यासाठी स्मृतिसभा झाली. २००७ मध्ये नव्या वेम्बलीबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, तर २००८ मध्ये वेस्ट हॅमने त्याची ६ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली.

पण त्याची खरी आठवण जपली ती त्याच्या पत्नीनं, स्टेफनी मूर यांनी. १९९३ मध्येच त्यांनी बॉबी मूर फंड सुरू केला. मूरचा जीव घेणाऱ्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी हा फंड आजवर पैसे गोळा करत आलाय. ज्या आजाराबद्दल १९६४ मध्ये एक शब्द बोलता येत नव्हता, त्याबद्दल आता बॉबी मूरचं नाव घेऊन लोकांना उघडपणे सांगितलं जातं.