बल्बवाल्या एडिसनची बॅटरी पाणबुडीत गेली, तेव्हा काय झालं?

एडिसन म्हटलं की डोळ्यांसमोर बल्ब येतो. त्यामागोमाग फोनोग्राफ आणि शाळेच्या पुस्तकातला तो उचापती मुलगा. पण थॉमस अल्वा एडिसनने आयुष्याची जवळजवळ दहा वर्षं ज्या एका वस्तूवर घालवली, ती होती बॅटरी. आणि याच बॅटरीमुळे १९१६ साली न्यूयॉर्कच्या गोदीत एक पाणबुडी हादरली.

हे सगळं घडलं कसं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्याच्या लहानपणापासूनच करावी लागेल.

अ‍ॅसिड सांडलं, नोकरी गेली

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळेत तो काही महिनेच टिकला. पुढचं शिक्षण आईने घरीच दिलं. बाराव्या वर्षी तो रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. सामानाच्या डब्यात त्याने स्वतःची छोटी प्रयोगशाळाही थाटली होती. ऐकू कमी येण्याचा त्रास त्याला लहानपणीच सुरू झाला आणि तो जन्मभर राहिला.

पुढे तो तार खात्याचं काम शिकला. त्या काळी तारयंत्रं चालायची बॅटरीवर, त्यामुळे बॅटरीशी त्याची ओळख कोवळ्या वयातच झाली. लुईव्हिल शहरात तो रात्रपाळी करायचा, कारण रात्री काम कमी आणि प्रयोगाला वेळ जास्त. तिथली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका रात्री बॅटरीशी खटपट करताना त्याच्या हातून सल्फ्युरिक अ‍ॅसिड सांडलं. ते लाकडी जमिनीच्या फटींतून झिरपलं आणि थेट खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर पडलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

पहिला मोठा ग्राहक होता एक जहाज

१८७६ साली त्याने मेन्लो पार्कला प्रयोगशाळा उभी केली. १८७७ ला फोनोग्राफ आला, १८७९ ला टिकाऊ बल्ब. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजकेंद्र सुरू झालं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १८८० मध्ये, त्याचे दिवे ‘कोलंबिया’ नावाच्या आगबोटीवर लागले होते. मेन्लो पार्कच्या बाहेर त्याच्या दिव्यांचा हा पहिला व्यावसायिक वापर. वीज येत होती बोटीवरच्याच डायनॅमोतून.

इंजिन चालू असेपर्यंत डायनॅमो फिरतो आणि वीज मिळते. इंजिन बंद झालं की साठवलेली वीज लागते, आणि ती साठवायची तर बॅटरी हवी. त्या वेळी साठवणुकीसाठी हाताशी होती ती शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडची, म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरी. जड, आणि आतून स्वतःलाच खाणारी. एडिसनला ती पसंत नव्हती.

दहा वर्षांचा हट्ट

१८९९ च्या सुमारास, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर, त्याने अ‍ॅसिड नसलेल्या बॅटरीचा नाद घेतला. एका बाजूला निकेलचं संयुग, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि मध्ये अ‍ॅसिडऐवजी पोटॅशचं पाणी, अशी त्याची मांडणी होती. डोळ्यांसमोर होत्या विजेवर चालणाऱ्या गाड्या.

१९०३ साली ही बॅटरी बाजारात आली. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. डब्यांना गळती लागली, आणि काही सेल लवकर दमायला लागले. एडिसनने उत्पादन थांबवलं, खराब माल परत घेतला आणि पुन्हा प्रयोगाला बसला. पुढची काही वर्षं हजारो चाचण्यांत गेली. सुधारलेली बॅटरी १९०९-१० मध्ये आली आणि ती खरोखर दणकट निघाली. पूर्ण उतरली तरी मरत नव्हती. मालवाहू गाड्या, रेल्वेचे सिग्नल आणि खाणकामगारांच्या डोक्यावरचे दिवे तिच्यावर चालू लागले.

पण तोपर्यंत मोटारींचं जग पेट्रोलकडे वळलं होतं. बॅटरीला नवा मोठा ग्राहक हवा होता. तो दिसला नौदलात.

पाणबुडीला ही बॅटरी का हवी होती?

त्या काळातली पाणबुडी पाण्यावर असताना इंजिनावर चालायची आणि त्याच इंजिनाने बॅटरी चार्ज करायची. पाण्याखाली गेल्यावर इंजिनाला हवा मिळत नाही, म्हणून सगळी मदार बॅटरीवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं, तर खाऱ्या पाण्यातून क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. बंद पाणबुडीत त्यातून सुटका नाही.

२५ मार्च १९१५ रोजी होनोलुलूजवळ ‘एफ-४’ ही अमेरिकी पाणबुडी बुडाली. आतले २१ जण गेले. चौकशीत असा अंदाज निघाला, की बॅटरीच्या टाकीचं शिशाचं अस्तर गंजलं आणि समुद्राचं पाणी आत झिरपलं. अ‍ॅसिड नसलेल्या बॅटरीकडे आता सगळ्यांचं लक्ष गेलं. त्याच वर्षी नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी एडिसनला नौदलाच्या नव्या सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद दिलं. एडिसनची बॅटरी ‘ई-२’ या पाणबुडीत बसवायचं ठरलं. त्याचा मुख्य अभियंता मिलर रीझ हचिसन याने त्यासाठी नौदलाकडे बराच पाठपुरावा केला होता.

क्लोरीनचा प्रश्न या बॅटरीने खरंच सोडवला होता. मात्र एक दुसरा वायू उरला होता.

१५ जानेवारी १९१६

बॅटरी चार्ज करताना सगळीच वीज साठत नाही. उरलेली वीज सेलमधलं पाणी फोडते आणि त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत अधूनमधून पाणी घालावं लागतं ते याचमुळे, आणि ती बंद कपाटात ठेवू नका असं सांगतात तेही याचमुळे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत हा वायू मुख्यतः चार्जिंगच्या शेवटी शेवटी निघतो. एडिसनच्या बॅटरीत तो चार्जिंगच्या बराच आधीपासून निघू लागतो. शिवाय लोखंडामुळे बॅटरी नुसती पडून असतानाही थोडा निघतच राहतो.

आणखी एक अडचण असते. पाणबुडीत बरेच सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एखादा कमजोर सेल लवकर रिकामा होतो, पण बाकीचे सेल त्याच्यातून वीज ढकलत राहतात. मग तो सेल उलटा फिरतो आणि त्यातूनही हायड्रोजन निघतो. म्हणजे चार्जिंग थांबलं म्हणून धोका टळला असं होत नाही.

हवेत ४ टक्के हायड्रोजन जमला की एक ठिणगी पुरते. या वायूला ना रंग, ना वास. न्यूयॉर्कच्या गोदीत ई-२ वर काम सुरू असताना १५ जानेवारीला जमलेल्या वायूने पेट घेतला. मोठा स्फोट झाला. काही जण जागीच गेले, अनेक जण जखमी झाले.

चूक कुणाची?

चौकशीत हायड्रोजनवर बोट ठेवलं गेलं. एडिसनच्या माणसांचं म्हणणं पडलं की बॅटरी निर्दोष आहे, हवा बाहेर टाकण्याची व्यवस्था नीट चालवली नाही. दुसऱ्या बाजूचा सवाल असा होता, की ही बॅटरी किती आणि केव्हा केव्हा वायू सोडते, याची पुरेशी कल्पना पाणबुडीवरच्या लोकांना दिली होती का?

दोन्ही मुद्द्यांत तथ्य होतं. हवा खेळती असती तर स्फोट टळला असता. पण अ‍ॅसिड नाही म्हणून बॅटरी सुरक्षित, असा गाजावाजा झाला की वापरणाऱ्याचं लक्ष हायड्रोजनवरून उडतं. एडिसनने सेलमधल्या गळतीसाठी अनेक वर्षं खर्च केली होती. सेलबाहेरच्या हवेला तेवढा वेळ मिळाला नाही.

ई-२ मार्च १९१६ मध्ये सेवेतून बाजूला काढली गेली आणि एडिसनच्या बॅटरीच्या चाचण्यांसाठी तिचीच प्रयोगशाळा झाली. अमेरिकी पाणबुड्यांनी मात्र लेड-अ‍ॅसिड बॅटरीच पुढे चालू ठेवली. एडिसनचं ते मोठं स्वप्न तिथेच संपलं.

नंतरचा एडिसन

त्या वेळी तो एकोणसत्तर वर्षांचा होणार होता. तरी तो थांबला नाही. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या कशा ओळखायच्या, यावर त्याने बोटीवर राहून प्रयोग केले. नौदलाची स्वतःची संशोधन प्रयोगशाळा असावी हा त्याचा आग्रह होता. ती १९२३ साली सुरू झाली. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, वेस्ट ऑरेंजच्या घरी तो गेला. त्याच्या नावावर अमेरिकेतली १०९३ पेटंट होती. त्याची निकेल-लोखंडाची बॅटरी जमिनीवर मात्र पुढे अनेक दशकं चालत राहिली.

आज बोटीवर काय बघतात?

बोटीची बॅटरी नीट चार्ज होत नसेल, तर आजही तपासणी याच वाटेने जाते. नुसता एकूण व्होल्टेज बघून भागत नाही, प्रत्येक बॅटरी किंवा सेल वेगळा मोजावा लागतो. एक कमजोर सेल साऱ्या रांगेला खाली ओढतो. चार्जर त्याच जातीच्या बॅटरीसाठीचा आहे ना, हे पाहतात, कारण प्रत्येक जातीचा चार्जिंगचा व्होल्टेज वेगळा असतो. वायरची टोकं गंजली आहेत का, तेही बघतात.

पण या सगळ्याच्या आधी बॅटरीच्या जागेतली हवा मोकळी करतात. हायड्रोजन हलका असतो, तो वर छतापाशी जमतो, म्हणून हवा बाहेर जायची वाट वरच्या बाजूला ठेवतात. मोजमाप आणि वायर जोडणं-सोडवणं त्यानंतर, कारण ठिणगी नेमकी तिथेच उडते.