समजून घ्या : बास्केटबॉल शोधणारे डॉ. नेस्मिथ कोच म्हणून का हरले? आणि कॉलेज टीमला ‘दुसरा कोच’ लागतो कशाला?

सावंगी (मेघे), वर्धा : वर्धा शहराला खेटून असलेलं सावंगी (मेघे) आता गाव कमी आणि कॅम्पस जास्त वाटतं. मेडिकल कॉलेज, इंजिनीअरिंग कॉलेज, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, आणि या सगळ्यांभोवती वाढलेल्या मेस, झेरॉक्सची दुकानं, हॉस्टेलं. अशा ठिकाणी संध्याकाळी बास्केटबॉल खेळायला येणाऱ्या पोरापोरींची सकाळ वॉर्डात नाहीतर लॅबमध्ये गेलेली असते. सरावाला मिळतो तास-दीड तास. त्या वेळात त्यांना शिकवणार कोण?

लहान शहरांतल्या अनेक कॉलेजांत शारीरिक शिक्षणाचे एकच सर सगळे खेळ सांभाळतात. कबड्डी त्यांची, ॲथलेटिक्स त्यांचं, बास्केटबॉलही त्यांचाच. मग ‘असिस्टंट कोच’ कोण, तर फायनल इयरचा एखादा मुलगा. मी इंजिनीअरिंगला असताना आमच्या कॉलेजात तो मुलगा मी होतो. शिट्टी माझ्याकडे, ज्ञान यूट्यूबचं. ज्युनिअर पोरांना लेअप चुकीच्या पायावर शिकवला आणि पहिल्याच फेरीत सगळे परतीच्या एसटीत बसलो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी थोडा दुखरा आहे.

मुख्य कोचच्या शेजारी उभं राहणाऱ्या माणसाची किंमत काय, हे समजून घ्यायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल. ज्यांनी बास्केटबॉल शोधला त्या डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या आयुष्यातच याचं उत्तर आहे. (आपल्याकडे काही जण नायस्मिथ असंही लिहितात. माणूस तोच.)

कोण होते नेस्मिथ?

जन्म ६ नोव्हेंबर १८६१, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, आल्मोंट गावाजवळ. १८७० मध्ये टायफॉइडनं आई आणि वडील दोघेही गेले. मामानं वाढवलं. शाळा मध्येच सोडून काही वर्षं लाकूडतोडीच्या कामावर गेले, पुन्हा शाळेत आले, आणि मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतली. पुढे धर्मशास्त्र शिकले. घरच्यांना वाटलं पोरगा आता पाद्री होणार. नेस्मिथ मात्र अमेरिकेत स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाले. मैदानावरही माणूस घडवता येतो, असं त्यांचं मत बनलं होतं.

तिथं ते मुख्य नव्हते, हे लक्षात ठेवा. विभागप्रमुख होते ल्यूथर गुलिक. १८९१ च्या हिवाळ्यात एक वर्ग कुणालाच आवरत नव्हता. बाहेर बर्फ, आत तीच ती कवायत, विद्यार्थी कंटाळून वैतागलेले. दोन शिक्षकांनी आधीच हात टेकले होते. गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि १४ दिवसांत घरात खेळता येईल असा नवा खेळ काढायला सांगितलं. वरिष्ठांनी नको असलेला तास ज्युनिअरला द्यायचा, हा प्रकार आपल्याकडचाच नाही तर!

मुदत संपता संपता नेस्मिथ यांनी १३ नियम लिहिले. त्यांना लाकडी खोकी हवी होती. शाळेच्या शिपायाला ती मिळाली नाहीत, त्यानं पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा होता १० फूट उंच, आणि आजही रिंगची उंची १० फूटच आहे. २१ डिसेंबर १८९१ ला १८ विद्यार्थी ९-९ चे दोन संघ करून खेळले. अख्ख्या सामन्यात एक गोल झाला. टोपलीला तळ होता, त्यामुळे चेंडू काढायला शिडी लावावी लागली.

त्या १३ नियमांत पंचांची कामं नीट लिहून ठेवली आहेत. कोचचा उल्लेख मात्र कुठंच नाही.

मग कोच म्हणून काय झालं?

स्प्रिंगफील्डनंतर नेस्मिथ डेन्व्हरला गेले. वायएमसीएत नोकरी करता करता मेडिकलला प्रवेश घेतला आणि १८९८ मध्ये डॉक्टर झाले. दवाखाना थाटला नाही. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठानं त्यांना प्रार्थनागृह आणि शारीरिक शिक्षण अशी दुहेरी जबाबदारी दिली. बास्केटबॉलचा संघही त्यांच्याकडेच आला.

फेब्रुवारी १८९९ मध्ये पहिला सामना झाला. कॅन्सस सिटीच्या वायएमसीएनं कॅन्सस विद्यापीठाला १६-५ असं हरवलं. १९०७ पर्यंत नेस्मिथ यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव जमा झाले. बास्केटबॉलमधल्या सगळ्यात दबदब्याच्या विद्यापीठांपैकी एक म्हणजे कॅन्सस. तिथल्या कोचच्या यादीत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेलं एकच नाव आहे, आणि ते खेळाच्या जनकाचं आहे.

कारण सोपं होतं. त्यांच्या लेखी हा खेळ शिकवायचा नव्हता, खेळायचा होता. सामन्यात डावपेच आखण्यापेक्षा त्यांना पंचगिरी आवडायची. स्वतः ते आयुष्यात दोनदाच बास्केटबॉल खेळले, असं सांगतात. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन या पोराला एका कॉलेजनं कोच म्हणून बोलावलं, तेव्हा या खेळाचं कोचिंग करता येत नाही, असं नेस्मिथ यांनी त्याला सांगितल्याचा किस्सा अमेरिकेत आजही फिरतो.

ॲलननं ऐकलं नाही. १९०७ मध्ये त्यानं गुरूचीच जागा घेतली, मध्ये काही वर्षं बाहेर राहून १९१९ मध्ये परत आला आणि १९५६ पर्यंत कॅन्ससला शिकवलं. तिथला त्याचा हिशेब ५९० विजय, २१९ पराभव. त्याच्या हाताखाली खेळलेला ॲडॉल्फ रप पुढे केंटकीचा कोच झाला आणि ८७६ सामने जिंकला. ॲलनचाच आणखी एक खेळाडू डीन स्मिथ. त्यानं ८७९ जिंकले, पण त्याआधी कित्येक वर्षं असिस्टंट म्हणून घालवली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९५८ मध्ये तो दुसरा कोच म्हणूनच आला, पहिला झाला १९६१ मध्ये.

आता एक तांत्रिक मुद्दा, कारण इंजिनीअरला राहवत नाही. १९१० पासून सामना सुरू असताना बाजूनं सूचना द्यायला कोचला बंदी होती. टाइम-आउटमध्ये खेळाडूंशी बोलायची मुभा कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९४९ च्या सुमारास मिळाली. म्हणजे जवळपास ४० वर्षं कोचला जे काही सांगायचं, ते सामन्याआधीच सांगावं लागे. पाय कुठला टाकायचा, पास छातीतून द्यायचा की टप्पा पाडून, बचावात कंबर किती वाकवायची, हे सगळं सरावातच अंगात मुरायला हवं. १२-१५ जणांचं हे सगळं एका माणसाला दिसत नाही. एक जण खेळ पाहतो, तेव्हा दुसऱ्यानं पाय पाहायचे असतात. असिस्टंट कोचचं मूळ काम हेच. प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ पाहणं, फिटनेस, नवे खेळाडू शोधणं ही कामं नंतर चिकटली.

पद गेलं, मग नेस्मिथ काय करत होते?

शिकवत होते. कॅन्ससमध्ये ते १९३७ पर्यंत, म्हणजे कोचपद सोडल्यावर तब्बल ३० वर्षं प्राध्यापक होते. मधल्या काळात पहिल्या महायुद्धात वायएमसीएसोबत फ्रान्सला जाऊन आले. १९२५ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. संघ ॲलनचा, गर्दी ॲलनची, वर्तमानपत्रांत फोटो ॲलनचा. नेस्मिथ कडेला.

आणि या कडेच्या वर्षांतच १९३३ मध्ये जॉन मॅक्लेन्डन नावाचा विद्यार्थी त्यांच्या दारात आला. कृष्णवर्णीय मुलगा, कॅन्ससमधल्याच हायवाथा गावचा. वडिलांनी बजावलं होतं, विद्यापीठात गेलास की नेस्मिथ यांना शोध आणि तेच तुझे मार्गदर्शक आहेत असं सांग. मुलानं जाऊन तसंच सांगितलं. नेस्मिथ यांनी त्याला ठेवून घेतलं.

मॅक्लेन्डनला बास्केटबॉलचं वेड होतं, पण कॅन्ससच्या संघात त्याला जागा नव्हती. तिथं पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला पन्नाशीचं दशक उजाडावं लागलं. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणं सक्तीचं, आणि तलाव गोऱ्यांचा. तो उतरला तर तलावातलं पाणी काढून टाकण्यात आलं. नेस्मिथ त्याच्या बाजूनं उभे राहिले. अखेर तलाव सगळ्यांना खुला झाला. शिकवण्याचा सराव कुठं करायचा हाही प्रश्न होता, तर त्याची सोय लॉरेन्स गावातल्या हायस्कूलमध्ये लावून दिली.

बाकी वेळ हा मुलगा म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या मागे मागे फिरायचा. दोघं मिळून पोरांचे सामने पाहत. चेंडू जिथं आहे तिथूनच हल्ला आणि बचाव सुरू व्हायला हवा, ही नेस्मिथ यांची शिकवण मॅक्लेन्डनच्या डोक्यात बसली. त्याचा पूर्ण कोर्टभर दबाव टाकणारा वेगवान खेळ पुढे त्यातूनच उभा राहिला. म्हणजे जे नेस्मिथ यांना मुख्य कोच असताना जमलं नाही, ते त्यांनी कुठलंही पद नसताना केलं. हे माझं मत. पण ५५-६० चा आकडा घेऊन त्यांना नापास करणाऱ्यांनी हा विद्यार्थीही हिशेबात धरावा.

बर्लिनमध्ये अमरावतीकरही होते

१९३६ मध्ये बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आला. ७४ वर्षांच्या नेस्मिथ यांच्याकडे बर्लिनला जायचे पैसे नव्हते. ॲलन यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या कोचच्या संघटनेनं देशभरच्या सामन्यांतून सेंट-सेंट जमा करून त्यांना पाठवलं. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. एक त्यांचा जन्मदेश, दुसरा त्यांनी स्वीकारलेला.

त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीचा चमूही होता. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी तिथं कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या मंडळानं पुढे शारीरिक शिक्षणाचं कॉलेजही काढलं. दुसरीकडे स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. खेळ शिकवणाऱ्यांनाच आधी शिकवायचं, हा धागा दोन्हीकडे सारखा.

नेस्मिथ यांचं २८ नोव्हेंबर १९३९ ला लॉरेन्समध्ये निधन झालं.

त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं?

मॅक्लेन्डन १९३६ मध्ये पदवीधर झाले, पुढच्या वर्षी आयोवातून एमए केलं आणि १९३७ मध्ये डरहॅम शहरातल्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत असिस्टंट कोच म्हणून लागले. तीन वर्षांनी मुख्य कोच झाले.

सावंगीच्या मेडिकलच्या पोरांनी पुढची गोष्ट नक्की वाचावी. १२ मार्च १९४४, रविवार. डरहॅमचे लोक सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये असताना ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजचा संघ गुपचूप मॅक्लेन्डन यांच्या जिममध्ये आला. गोरे भावी डॉक्टर विरुद्ध कृष्णवर्णीय विद्यार्थी. तिथल्या वर्णभेदी कायद्यात हे चालणारं नव्हतं. जिमची दारं आतून बंद, प्रेक्षक नाहीत. ड्यूकच्या संघात आधी इतर कॉलेजांकडून गाजलेले खेळाडू होते. मॅक्लेन्डन यांच्या पोरांनी पूर्ण कोर्टभर दबाव टाकला आणि ८८-४४ नं सामना जिंकला. नेमका दुप्पट स्कोअर. त्यानंतर दोन्ही संघ मिसळले आणि एक बाजू शर्ट काढून, एक शर्ट घालून आणखी एक सामना खेळले. ही गोष्ट बाहेर यायला १९९६ साल उजाडलं.

मॅक्लेन्डन यांनी टेनेसीतल्या कॉलेजला १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिम्पिकच्या अमेरिकन संघासोबत ते गेले, ते मुख्य कोच हेन्री आयबा यांचे सहायक म्हणून. तोवर अमेरिकेच्या ऑलिम्पिक बास्केटबॉल संघाच्या कोचमंडळींत एकही कृष्णवर्णीय माणूस नव्हता. संघानं सुवर्ण जिंकलं.

स्प्रिंगफील्डमधल्या बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ला नेस्मिथ यांचं नाव आहे. तिथं मॅक्लेन्डन यांना १९७९ मध्ये घेतलं गेलं, पण खेळाला हातभार लावणारे म्हणून. १९९९ मध्ये ते वारले. कोच म्हणून त्यांचं नाव तिथं लागलं २०१६ मध्ये.