पुस्तकबांधणीकार मायकेल फॅरेडे

विजेचा दिवा लावताना किंवा पंखा सुरू करताना मायकेल फॅरेडे यांची आठवण काढणारे लोक विरळाच. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने वीज निर्माण करता येते, हे १८३१ साली दाखवून देणारे ते इंग्रज शास्त्रज्ञ होत. त्यांच्या शोधांची माहिती विज्ञानाच्या पुस्तकांत सापडते. प्रस्तुत पाठात मात्र त्यांच्या जीवनाची एक वेगळी बाजू आपल्याला पाहावयाची आहे. फॅरेडे यांनी कोणत्याही विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागले आणि एकविसाव्या वर्षापर्यंत तेथेच राबले. शास्त्रज्ञ होण्यापूर्वी ते एक निष्णात बांधणीकार झाले होते.

मायकेल यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. त्यांची प्रकृती वरचेवर बिघडत असे, त्यामुळे मिळकतीचा भरवसा नव्हता. घरात चार मुले. १८०१ साली धान्याचे भाव कडाडले, तेव्हा लहानग्या मायकेलला एक पाव आठवडाभर पुरवून खावा लागे असे सांगतात. शाळेत वाचन, लेखन आणि अंकगणित यांची जेमतेम तोंडओळख झाली आणि तेथेच शिक्षण थांबले. पुढे आयुष्यभर गणिताने त्यांना हुलकावणी दिली, त्याचे मूळ या अपुऱ्या शिक्षणात आहे.

घराजवळच ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रिबो नावाच्या गृहस्थांचे पुस्तकविक्रीचे आणि बांधणीचे दुकान होते. १८०४ साली मायकेल तेथे निरोप्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असे. एकच अंक दुकानदार अनेकांना थोडा थोडा वेळ वाचावयास देई. तो अंक एका घरी पोहोचवायचा, वाचून झाला की परत आणायचा आणि दुसऱ्या घरी न्यायचा, हे मायकेलचे काम. वर्षभरात त्याचा प्रामाणिकपणा रिबोंच्या लक्षात आला. ७ ऑक्टोबर १८०५ रोजी त्यांनी त्याला सात वर्षांच्या कराराने शिकाऊ कारागीर म्हणून ठेवून घेतले. अशा वेळी मुलाच्या वडिलांनी धन्याला काही रक्कम द्यावी, अशी रीत होती. रिबोंनी ती रक्कम माफ केली. मायकेलच्या इमानी सेवेबद्दल ही सूट दिल्याची नोंद करारपत्रातच केलेली आहे.

त्या काळचे बांधणीचे काम आजच्यापेक्षा पुष्कळ निराळे होते. पुस्तके बहुधा सुट्या फर्म्यांच्या किंवा साध्या कागदी वेष्टनाच्या रूपात विकली जात आणि ऐपत असलेला ग्राहक ती आपल्या आवडीप्रमाणे चामड्यात बांधून घेई. छापलेल्या मोठ्या कागदाला हाडाच्या पट्टीने अचूक घड्या घालावयाच्या, घड्यांचे गठ्ठे क्रमाने लावावयाचे, ते दगडावर ठेवून जड हातोड्याने ठोकून सपाट करावयाचे, ही पहिली पायरी. त्यानंतर शिवण. लाकडी चौकटीवर जाड दोऱ्या ताणून बांधलेल्या असत. प्रत्येक घडीच्या मध्यातून सुई घालून ती घडी या दोऱ्यांना शिवली जाई. आपल्याकडे जिला जुजबांधणी म्हणतात, तिचेच हे रूप. शिवलेल्या पुस्तकाच्या पाठीला सरस लावून, हातोडीने हलके ठोकून तिला गोलाई आणावयाची, दोऱ्यांची टोके पुठ्ठ्यात ओवून पक्की करावयाची, पानांच्या कडा एकसारख्या कापावयाच्या, मग पातळ केलेले चामडे खळ लावून चढवावयाचे आणि शेवटी तापवलेल्या ठशांनी सोनेरी अक्षरे उमटवावयाची.

जुन्या पुस्तकाची दुरुस्ती याहून कठीण. तेथे आधीच्या कारागिराने केलेले काम न फाडता उसवावे लागते, वाळलेला सरस ओलावून खरवडावा लागतो, फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी चिकटवून ती पुन्हा शिवण्याजोगी करावी लागते. घाई केली तर पानच हाती येते. जून महिन्यात गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने काढून ज्यांनी घरी नवी वही शिवली असेल, त्यांना या कामातील चिकाटीची थोडीफार कल्पना येईल. एका घडीतले एक पान ओढले की त्याचे जोडपान सुटते, हा अनुभव त्यांनीही घेतलेला असतो.

मायकेलचे बोट आणि डोळे अशा कामात तयार झाले. पण बांधावयास आलेली पुस्तके तो उघडूनही पाहू लागला, हे विशेष. रिबोंनी त्याला अडवले नाही. दुसरा एखादा धनी वाचणाऱ्या शिकाऊ मुलावर खेकसला असता. दोन ग्रंथांनी मायकेलवर खोल परिणाम केला. एक म्हणजे ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख. तो खंड बांधणीसाठी दुकानात आला होता. दुसरा ग्रंथ जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक. त्या पुस्तकावर आरंभी लेखिकेचे नावही छापलेले नव्हते. त्यातील विधाने खरी आहेत की नाहीत, हे मायकेल आपल्याला परवडतील अशा छोट्या छोट्या प्रयोगांनी तपासून पाही. आयझॅक वॉट्स यांच्या एका ग्रंथातून त्याने टिपणे काढण्याची आणि व्याख्याने ऐकण्याची शिस्त उचलली. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने काचेच्या बाटलीपासून विद्युतयंत्रही तयार केले.

१८१० साली वडील वारले. त्याच वर्षी जॉन टेटम यांची विज्ञानावरील सायंकालीन व्याख्याने ऐकण्यास मायकेल जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे. ते पैसे त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. रॉबर्टही लोहारकाम करी. मायकेल व्याख्यानात टिपणे घेई, घरी येऊन ती विस्ताराने लिही आणि उपकरणांच्या आकृत्या काढी. आकृत्या नीट याव्यात म्हणून रिबोंच्या घरी राहणाऱ्या मास्केरिए नावाच्या फ्रेंच चित्रकाराकडून त्याने यथादर्शन चित्रणाचे धडे घेतले. पुढे ही टिपणे त्याने चार खंडांत स्वतः बांधली आणि रिबोंना अर्पण केली.

रिबोंना त्या खंडांचे कौतुक वाटले. दुकानात येणाऱ्या ग्राहकांना ते ते दाखवीत. त्यांतून ही गोष्ट विल्यम डान्स या संगीतज्ञांपर्यंत गेली. डान्स हे रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेचे सभासद होते. तेथे हम्फ्री डेव्ही हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ व्याख्याने देत आणि ती ऐकण्यास लंडनमधील प्रतिष्ठित मंडळी गर्दी करीत. डान्स यांनी मायकेलला १८१२ सालच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. सज्जात घड्याळाच्या वरच्या बाजूस बसून त्याने चारही व्याख्याने ऐकली आणि टिपली.

ऑक्टोबर १८१२ मध्ये सात वर्षांचा करार संपला. मायकेल आता शिकाऊ राहिला नाही, पगारी कारागीर झाला. नवे धनी द ला रोश तापट स्वभावाचे होते, तरी त्यांना या कारागिराचे मोल कळले होते. त्यांना मूलबाळ नव्हते. आपल्याकडेच राहशील तर पुढे धंदा तुझ्या हाती सोपवीन, असे आमिष त्यांनी दाखवले. घरी विधवा आई, डोक्यावर जबाबदारी आणि समोर चालता धंदा! मायकेलची जागा घेऊन पाहिले, तर तो प्रसंग किती कठीण होता हे ध्यानात येईल. विज्ञानात काही काम मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून पाहिले होते. उत्तर नाही, असे दारावरच्या माणसाकडून कळले.

तेव्हा त्याने दुसरा मार्ग धरला. डेव्हींच्या चार व्याख्यानांची टिपणे सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली, आकृत्या रेखाटल्या आणि ३००हून अधिक पानांचा तो ग्रंथ स्वतःच्या हाताने बांधून डिसेंबर १८१२ मध्ये डेव्हींकडे पाठवला. सोबत विनंतीचे पत्र होते. बँक्स यांना नुसते पत्र गेले होते. डेव्हींना पत्राबरोबर त्या मुलाने काय ऐकले, काय समजून घेतले आणि हातात किती कसब आहे, याचा पुरावाच मिळाला.

डेव्हींनी जानेवारी १८१३ मध्ये त्याला भेटीस बोलावले. भेट गोड झाली, पण नोकरी मिळाली नाही. विज्ञानात पैसा नाही, तू आपला बांधणीचा धंदाच धरून राहा, असा सल्ला डेव्हींनी दिला. संस्थेच्या पुस्तकांची बांधणी त्याच्याकडे सोपवण्याचे आश्वासनही दिले. सल्ला सद्‌भावनेचा होता आणि व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचाही नव्हता. तो मानला गेला असता तर लंडनला एक चांगला बांधणीकार मिळाला असता आणि जगाला विजेच्या शोधासाठी दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागली असती.

पुढच्याच महिन्यात योगायोग घडला. संस्थेच्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाने एका उपकरण कारागिराशी मारामारी केली आणि त्याला काढून टाकण्यात आले. एका रात्री मायकेल निजण्याच्या तयारीत असताना त्याच्या दाराशी डेव्हींची गाडी येऊन थांबली आणि नोकराने चिठ्ठी दिली. १ मार्च १८१३ रोजी त्याची नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग वेतन आणि माडीवरच्या दोन खोल्या.

यानंतरचा जीवनक्रम विज्ञानाच्या इतिहासाचा भाग आहे. डेव्हींबरोबर युरोपचा प्रवास, १८२१ साली सेरा बर्नार्ड यांच्याशी विवाह, १८२५ साली बेंझीनचा शोध आणि २९ ऑगस्ट १८३१ रोजीचा तो प्रसिद्ध प्रयोग. त्या प्रयोगातील सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेचे थर गुंडाळलेले होते. तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुती कापड आणि सुतळी घातलेली होती. बांधणीच्या दुकानात वाढलेल्या हातांना हे साहित्य नवखे नव्हते.

जुन्या धंद्याशी त्यांचे नाते तुटले नाही, याचे उत्तम उदाहरण ॲथेनियम क्लबच्या ग्रंथालयात सापडते. १८२४ साली हा क्लब निघाला तेव्हा फॅरेडे त्याचे पहिले चिटणीस होते. क्लबमध्ये दिवे गॅसचे होते. काही वर्षांत ग्रंथांच्या चामडी बांधण्या ठिसूळ होऊन त्यांचा लालसर भुगा पडू लागला. चामडे वाईट होते की बांधणारा? फॅरेडे यांनी दोष दिव्यांचा ठरवला. कोळशापासून काढलेल्या गॅसमध्ये गंधकाचा अंश असतो. तो जळला की आम्लधर्मी वायू तयार होतो, हवेतील ओलाव्याबरोबर चामड्यात मुरतो आणि चामड्याचे तंतू आतून कुजतात. १८४३ साली त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले. शिवाय उपायही शोधला. दिव्याच्या काचेभोवती त्यांनी दुसरी, वरून बंद असलेली मोठी काच बसवली. त्यामुळे धूर खोलीत न पसरता दोन काचांमधून खाली उतरून नळीवाटे बाहेर जाई. पुस्तके फाटली की ती शिवून देणे एवढेच पूर्वी त्यांचे काम होते. आता ती मुळात का फाटतात, हे त्यांनी सांगितले. ग्रंथजतनाच्या शास्त्रात या निरीक्षणाचा उल्लेख आजही होतो.

या दिव्याचा स्वामित्वहक्क त्यांनी स्वतःच्या नावे घेतला नाही. तो थोरल्या भावाला, रॉबर्टला देऊन टाकला. रॉबर्ट तेव्हा गॅसच्या दिव्यांचा व्यवसाय करीत होता. टेटम यांच्या व्याख्यानांसाठी शिलिंग देणारा तो हाच भाऊ.

१८४०च्या सुमारास फॅरेडे यांची प्रकृती ढासळली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. लिहून ठेवण्याची जुनी सवय आता आधार बनली. १८३२ सालापासून प्रयोगांच्या नोंदींतील प्रत्येक परिच्छेदाला ते क्रमांक देत. बांधणीकार फर्मे उलटसुलट होऊ नयेत म्हणून त्यांवरील खुणा पाहतो. या सवयीचे मूळ तेथे असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही. अखेरची नोंद १८६२ सालची असून तिचा क्रमांक १६,०४१ आहे. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले असता त्यांनी ते नम्रपणे नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी त्यांचे निधन झाले.

आपल्या नोंदींचे खंड त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्वाधीन केले होते. १९३२ ते १९३६ या काळात ते सात भागांत छापून प्रसिद्ध झाले. डेव्हींना भेट म्हणून पाठवलेला तो हस्तलिखित ग्रंथही लंडनमध्ये त्याच संस्थेत जपून ठेवलेला आहे. त्याची बांधणी एकवीस वर्षांच्या एका कारागिराने आपल्या हाताने केलेली आहे.