एकाच छताखाली, वेगवेगळी ताटे : डॉ. जोसेफ गोल्डबर्गर

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा या रोगाने थैमान घातले होते. हातांची व मानेची कातडी लाल होऊन सोलपटायची, जुलाब लागायचे, पुढे भ्रम व्हायचा आणि अनेकांना मृत्यू गाठायचा. रोग संसर्गजन्य आहे, असे बहुतेक डॉक्टर मानीत. त्यामुळे रोग्याला शेजारी टाळत. काही इस्पितळेही त्याला दारातून परत पाठवीत.

१९१४ साली सरकारने या रोगाचा शोध डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्यावर सोपवला. त्यांचा जन्म १८७४ साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणीच ते न्यूयॉर्कला आले. वडिलांचे किराणा दुकान होते. पुढे सरकारी डॉक्टर म्हणून साथींशी झुंजताना पीतज्वर, डेंग्यू व टायफस हे तिन्ही रोग त्यांनी स्वतः भोगले.

दक्षिणेतील मनोरुग्णालये पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, रुग्णांना पेलाग्रा होतो, पण रात्रंदिवस त्यांच्यात वावरणाऱ्या परिचारिकांना होत नाही. जॅक्सन शहरातील अनाथाश्रमात तर रोग मुख्यतः ६ ते १२ वर्षांच्या मुलांनाच होता. त्याहून लहान मुलांना दूध मिळे, मोठी मुले काम करीत म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्यांच्या वाट्याला मक्याचे पीठ, काकवी आणि थोडी डुकराची चरबी. जंतू असा भेद करीत नाहीत. भेद ताटात होता.

गोल्डबर्गर यांनी या मुलांना दूध, अंडी, मांस व कडधान्ये सुरू केली. रोग जवळजवळ नाहीसा झाला. १९१५ साली त्यांनी ११ कैद्यांना सुटकेच्या बोलीवर मुख्यतः मक्याचा आहार दिला. सहा जणांना पेलाग्रा झाला. असा प्रयोग आज आपल्या विवेकाला पटणार नाही. तरीही टीकाकार मानेनात. तेव्हा १९१६ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले, त्यांच्या मलमूत्राच्या व खपल्यांच्या गोळ्या गिळल्या. पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

आता लोकांना योग्य आहार शिकवला की झाले, असे कोणालाही वाटले असते. पण गोल्डबर्गर अर्थतज्ज्ञ एडगर सिडेनस्ट्रिकर यांच्यासह साउथ कॅरोलिनातील कापड गिरण्यांच्या वस्त्यांत गेले. घरोघरची मिळकत व शिधा नोंदवला. मिळकत जितकी कमी तितका पेलाग्रा अधिक, असे दिसले. वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबांची जमीन दारापर्यंत कापसाखाली होती. भाजीला जागा नव्हती, गाय परवडत नव्हती. अज्ञान होते, पण त्याहून मोठे दारिद्र्य होते. हे सांगितल्यावर दक्षिणेतील अनेक पुढाऱ्यांना तो आपला अपमान वाटला.

गोल्डबर्गर यांनी मग गरिबाच्या हाताला लागेल असा उपाय शोधला. बिअर बनवताना वापरले जाणारे स्वस्त यीस्ट गुणकारी ठरले. १९२७ साली मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर रेडक्रॉसने ते पूरग्रस्तांत वाटले. १९२९ साली गोल्डबर्गर कर्करोगाने वारले. आहारात नेमके काय कमी पडते, ते त्यांना सापडले नव्हते. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून ते निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन हे जीवनसत्त्व असल्याचे कळले.

२०२० च्या महामारीत अंडी, फळे, डाळी खा, असे सल्ले आपण सर्वांनी ऐकले आणि दिलेही. त्याच महिन्यांत अनेकांची रोजंदारी बुडाली होती. सल्ला चुकीचा नव्हता. पण तो ऐकणाऱ्याच्या घरी डाळीचा डबा भरलेला आहे का, हे आधी पाहायला हवे होते. आजाऱ्याच्या भेटीला जाताना आपण एवढे तरी करूया : काय खावे हे सांगण्यापूर्वी, आज काय शिजले, हे प्रेमाने विचारूया आणि कमी असेल ते पोचवूया.